चौथ्या दिवशीचा डफ

माझा धाकटा भाऊ मोरोक्कोतल्या तांजियर बंदरात क्रेन चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या तिघांबरोबर डफ वाजवायचा. पहिली गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. दुसरी फक्त आमच्या घरात.

श्रीवर्धनच्या आसपासच्या आमच्या मोहल्ल्यांत घरटी एक माणूस आखातात असतो. भाऊही आधी तिकडेच होता. नंतर कंपनीने त्याला तांजियरला पाठवलं. तिथून समोर स्पेनचा किनारा दिसतो म्हणे. "भाय, आपल्या दिघीवरून आगरदांडा दिसतो ना, तसा," तो फोनवर म्हणाला. मी नकाशा काढून बघितलं. ती सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी चौदा किलोमीटर आहे, आमची खाडी त्यापुढे काहीच नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला. "तू मोज. मी बघतो."

मी सुपारीच्या वखारीत वजन आणि हिशेब पाहतो. मोजणं हा माझा धंदा आहे आणि स्वभावही.

त्याला डफ अम्माने शिकवला, म्हणजे मुद्दाम शिकवला असं नाही. आमच्याकडे पूर्वी मेंदीला आणि हळदीला बायका डफ वाजवून कोकणी गाणी म्हणायच्या. अम्मा त्यांच्यात पुढे असायची. हा तिच्या मांडीला टेकून बसायचा आणि जमिनीवर बोटं आपटायचा. पुढे जमातीतल्या काही लोकांना लग्नातलं वाजवणं पसंत पडेना, मग ते हळूहळू बंदच झालं. अम्माने डफ गुंडाळून कपाटावर ठेवला. भाऊ दुबईला गेला तेव्हा तो डफ त्याच्या बॅगेत गेला. तिने दिला की त्याने मागितला, मला माहीत नाही.

तांजियरला त्याला जे तिघे भेटले त्यांतला एक स्पेनचा होता, गिटार वाजवणारा आणि गाणारा. फ्लामेंको म्हणतात त्यांच्या गाण्याला. दुसरा तिथलाच, वयस्कर, तो गिंबरी वाजवायचा. गिंबरी म्हणजे लांबट लाकडी पेटीवर कातडं ताणलेलं तीन तारांचं वाद्य. आवाज जाड, छातीत लागणारा. तिसरी त्याची भाची. ती हातात लोखंडी करकबे, म्हणजे मोठ्या चिपळ्यांसारख्या झांजा, घेऊन वाजवायची आणि नंतर सगळं लॅपटॉपवर घेऊन त्याच्या खाली आजकालच्या गाण्यांत असतो तसा यंत्राचा ठेका आणि घुमारा भरायची. हे चौघे एका गॅरेजच्या वरच्या खोलीत जमत. तयार झालेलं भाऊ मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि मी ते अम्माला लावून द्यायचो.

अम्माची दृष्टी काचबिंदूने गेली आहे. असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज झाली की ती पडवीत खुर्चीवर बसायची, तिच्या हातात चहा द्यायचा आणि तिच्या बाजूच्या स्टुलावर छोटा स्पीकर लावायचा, हा रोजचा नेम. शुक्रवारी भाऊ स्वतः फोनही करायचा, पण त्याचं वाजवणं रोज. एकच एक गाणं आठवडाभर चालायचं. तिला कंटाळा नव्हता. ती ऐकता ऐकता त्या न पाहिलेल्या माणसांची उणीदुणी काढायची आणि शुक्रवारी ती सगळी त्याच्या कानावर घालायची.

"तो लोखंड बडवणारा कोण हाय रे? लोहाराचा पोर?"

"पोरगी हाय ती, अम्मा."

"पोरगी? मग हात चांगला हाय. अन् तो सतारवाला कसला घाईत असतो. त्याची लाँच सुटते काय?"

"सतार न्हाय ती, गिटार."

"असंल. खालून वाडीतला पंप लावल्यासारखं काय घुमतं?"

भाऊ इतका हसायचा की फोन फाटल्यासारखा आवाज यायचा. स्पेनवाल्याच्या गाण्याबद्दल मात्र तिचं मत पक्कं होतं. त्याचा आवाज सुरुवातीलाच चिरत जायचा, शब्द येण्याआधी नुसता आकांत.

"हा रडतो का सारखा?"

"त्यांच्यात असंच गातात. लग्नात पण असंच."

"लग्नात रडतो? मग शहाणा माणूस हाय."

मला संगीतातलं कळत नाही. पण भावाने एकदा सांगितलं की फ्लामेंकोचं एक आवर्तन बारा मात्रांचं असतं, आणि आकडा म्हटल्यावर मी बसलोच. वखारीत दुपारी गिऱ्हाईक नसलं की टेबलावर पेन आपटून मोजायचो. त्यांचा जोर तीनवर, सहावर, मग आठ, दहा आणि बारावर. म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. आमची मेंदीची गाणी सहाची, जोर तीनवर आणि सहावर. भाऊ आपलं सहाचंच दोनदा वाजवायचा. तीनला आणि सहाला सगळे एकत्र असत. पुढे ते आठला पडत, दहाला पडत, आणि हा मध्येच नऊला एकटा. बाराला पुन्हा सगळे एकत्र. मी हे शोधून काढलं तेव्हा मला वजनात फरक सापडल्याचा आनंद झाला. अम्माला सांगितलं तर ती म्हणाली, "हे मोजायला पाहिजे व्हय? ऐकू येतं की. तिथं त्याला सोबत न्हाय."

त्याचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. मूल नव्हतं. वय चव्वेचाळीस.

बातमी आली तेव्हा मी वखारीत होतो. दुपारची वेळ. म्हसळ्याकडचा एक माणूस त्याच्याच बंदरात कामाला होता, त्याचा फोन. भाऊ पाळी संपवून क्रेनवरून उतरला, खाली बाकावर बसला, पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत मान कलली होती. हार्ट. त्या माणसाने मला दोनच गोष्टी विचारल्या: मयत इकडे आणायची की तिकडेच दफन करायचं? आणायची तर कागदपत्रांना किती दिवस जातील सांगता येत नाही. मी तिकडेच म्हणालो. ते ठरवायला मला एक मिनिटही लागलं नसेल. समोर काट्यावर सुपारीचं पोतं तसंच टांगलेलं होतं.

घरी जाऊन बायकोला मागच्या दारी बोलावलं आणि सांगितलं. तिने तोंडात पदर कोंबला. आत अम्मा तिला हाक मारत होती. "दुल्हन, दूध उतू जातंय, वास येतोय." लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी अम्मा तिला दुल्हनच म्हणते. बायको तशीच आत गेली आणि गॅस बंद केला.

अम्माचं हृदय दोन वर्षांपूर्वीच अधू झालं होतं. डॉक्टरांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे धरून सांगितलं होतं की पंप पंचवीस टक्क्यांवर चालतोय, मोठा धक्का सोसणार नाही. तो आकडा माझ्या डोक्यात बसला होता. त्यांना फोन केला. ते म्हणाले, शक्य असेल तेवढं लांबवा, आधी गोळ्या वाढवू, आठवड्याने आणून दाखवा, मग ठरवू. म्हणून ठरलं की तूर्त सांगायचं नाही. तिच्या मुलाला दूरवर पुरायचं मी ठरवलं होतंच. आता आईला तरी राखायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

आमच्याकडे मयत झाली की मशिदीच्या भोंग्यावरून सांगतात. मी मौलानांकडे जाऊन ते थांबवलं. मयतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे आणतात. मी घरोघर जाऊन सांगितलं, डबे आणू नका. पण अम्माला तर जेवायला लागणार, आणि बाहेरचं कालवण तिला पहिल्या घासाला ओळखू येतं. म्हणून बायको तिच्यापुरतं घरात शिजवायची. आम्ही दोघं शेजारच्या चाचींकडे जाऊन खायचो. पनवेलला शिकणारी मुलगी धावत यायला निघाली होती, तिला मी येऊ नको म्हणालो. परीक्षेच्या दिवसांत ती अचानक आली तर अम्माला काय सांगायचं?

चाची पहिल्या दिवशी संध्याकाळी अम्माजवळ येऊन बसल्या. त्यांना राहवलं नाही. मी दारात उभा होतो. चाचींच्या डोळ्यांतून धार लागली होती, ती त्या ओढणीने टिपत होत्या, आणि तोंडाने सांगत होत्या, "सुरमई काय महाग झाली ओ भाभी. हात लावायची सोय न्हाय."

"मग बांगडा घे," अम्मा म्हणाली. "तुला सर्दी झाली काय?"

"व्हय ओ. मघापासून नाक वाहतंय."

"आलं घालून चहा पी."

चाची उठल्या आणि माझ्या अंगावरून, माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

राहिलं गाणं. असरनंतर अम्माने विचारलं, "आज लावलं न्हायस?" बायकोने मला खुणेने सांगितलं, लाव. तिचं म्हणणं बरोबर होतं. रोजचं रोज चालू राहिलं तरच तिला शंका येणार नाही. मी स्पीकर हातात घेतला. फोनवर त्याचं नाव आणि त्याखाली त्याने पाठवलेली गाणी एकाखाली एक. मला बोट लावता येईना. मयतीच्या घरात वाजवायचं? आमच्यात शेजारच्या घरी कोणी गेलं तरी आम्ही टीव्ही बंद ठेवतो. इथे ज्याचा डफ, त्याचीच मयत. खोटं बोलणं मला त्या दिवसांत जमत होतं. हे जमलं नाही.

"चार्जिंग गेलंय, अम्मा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, स्पीकर बिघडला, दुरुस्तीला दिलाय. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही. त्याच दिवशी चाचींच्या घरात दारं लावून जियारत झाली. कुराण वाचलं गेलं, मोहल्ल्यातले पुरुष आले, सगळ्यांनी चपला हातात धरून मागच्या गल्लीने ये-जा केली, कारण आमची पडवी पुढच्या रस्त्याला आहे आणि एवढी पावलं अम्माने ऐकली असती. मधल्या काळात शुक्रवार येऊन गेला. भाऊ बोटीवरच्या कामावर गेलाय, तिथे नेटवर्क नाही, असं मी तिला सांगितलं होतं. तिने "असंल" म्हटलं.

चौथ्या दिवशी मला हलकं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? तीन दिवस पाळले होते. आमच्याकडे आईबाप असो की भाऊ, दुखवटा तीनच दिवसांचा. आता वाजवण्यात गैर नव्हतं, आणि अम्माची शंका, असलीच तर, मिटणार होती. मी असरची नमाज पढून आलो, चहा तिच्या हातात दिला, स्पीकर स्टुलावर ठेवला. "दुरुस्त झाला," असं म्हणून त्याचं शेवटचं आलेलं गाणं लावलं.

आधी गिंबरी आली. मग करकबे. स्पेनवाल्याने आवाज लावला. मग खालचा घुमारा, आणि त्याच्यावर डफ.

अम्माने कप खाली ठेवला. बशी शोधली नाही, तसाच जमिनीवर ठेवला.

"बंद कर."

"का? आवडलं न्हाय?"

"बंद कर म्हणते ना."

मी बंद केलं. ती तोंड रस्त्याकडे करून बसली होती.

"कोण गेला?"

"कोण जाणार? कोणी न्हाय."

"तीन दिवस लावलं न्हायस. आज चवथा. तुला मी ओळखते. दुसरा कोण असता तर दोन दिवसांनी लावलं असतं, नायतर आठ दिवसांनी. तू बरोब्बर चवथ्या दिवशी लावतोस." ती थांबली. दम लागला होता. "भोंग्यावर कोणाचं नाव ऐकलं न्हाय. म्हणजे परकं कोण न्हाय. तू हायस. दुल्हन हाय, तिच्या बांगड्या ऐकते मी. पनवेलवाली काल माझ्याशी बोलली."

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"माजा गेला ना?" अम्माने विचारलं.

मी हो म्हणालो.

मला वाटलं होतं की त्या क्षणी तिचं हृदय थांबेल. मी गोळी घेऊन गुडघ्यावर बसलो, ती जिभेखाली ठेवायची म्हणून तिची हनुवटी धरली. तिने माझा हात बाजूला केला. ती रडली नाही. एकामागून एक प्रश्न विचारत गेली. कुठे पडला? पाणी मिळालं का? गुस्ल कोणी दिला, शेवटची आंघोळ कोणी घातली? कबरीत कोण उतरलं? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. म्हसळ्याचा माणूस उतरला होता, आणि गिंबरीवाला. स्पेनवाला कबरस्तानच्या दारापर्यंत आला होता.

"इथं आणायचं न्हाय असं कोणी ठरवलं?"

"मी."

"बरं." मग म्हणाली, "मला तू तीन दिवस ह्या घरच्या चुलीचं जेवण घातलंस. मी खाल्लं. परवा अजून थोडा भात मागून घेतला."

बायको रडायला लागली. अम्मा तिला म्हणाली, "रड. तुला मुभा हाय."

मी मौलानांकडे धावलो. त्यांना विचारलं, जिला आज कळलं तिचे दिवस कधीपासून धरायचे? ते म्हणाले, तिला दुःख आज झालंय, आजपासून धरा, लोकांना भेटायला पाठवतो. मी घरी येऊन तसं सांगितलं. चूल बंद करू, डबे येतील, बायका येऊन बसतील, पुन्हा कुराण वाचू.

"कशाला?" अम्मा म्हणाली. "त्यांचं रडून झालं. चाचीचं तर माझ्या समोर बसून झालं. आता माझ्यासाठी ती परत रडणार? एका माणसाची दोनदा मयत करतात काय?"

ती एकटीच तसबीह, तिची जपमाळ, घेऊन बसली. बायका आल्या तेव्हा तिने सगळ्यांना चहा द्यायला लावला आणि सुरमईचे भाव विचारले. कोणाला वर बघवेना.

आठवड्याने डॉक्टरांनी तपासलं. आकडा जिथे होता तिथेच होता. ज्याच्या भीतीने मी सगळं केलं, ते घडलंच नाही.

दोनेक महिन्यांनी त्या भाचीचा निरोप आला, इंग्रजीत. त्यांना ती गाणी लोकांसाठी नेटवर टाकायची होती. डफ त्याचा ठेवावा की काढून दुसरं काही भरावं, घरच्यांची इच्छा काय? मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग अम्माला विचारलं.

"डफ त्याचा हाय, तुझा न्हाय," ती म्हणाली. "राहू दे त्यांच्याकडे. वाजवूदे त्यांना, जगाला ऐकवूदे. इथं लावू नको."

मी तसं कळवलं. गाणी नेटवर आली असं मुलीने सांगितलं. मी ती उघडलेली नाहीत. घरात लावायचं नाही एवढंच अम्मा म्हणाली होती, वखारीत ऐकायला मनाई नव्हती. पण मी टेबलावर पेन आपटणंही सोडून दिलंय.

अम्मा माझ्यावर चिडत नाही. माझ्याशी बोलते, माझ्या हातून गोळ्या घेते. फक्त माझं खरं मानत नाही. बायकोचंही नाही, चाचींचंही नाही. मोहल्ल्यात ज्यांना ज्यांना तेव्हा माहीत होतं, त्यांच्यापैकी कोणाच्याच शब्दाला तिच्या लेखी वजन उरलेलं नाही. आणि माहीत तर सगळ्यांनाच होतं. मुलीचा फोन एक दिवस चुकला, की मी कितीही सांगितलं तरी ती पुन्हा पुन्हा तेच विचारते.

दिवेआगरकडून एक कोळीण सकाळी मासळी घेऊन येते. ती बाहेरची, तिला त्या वेळी कोणी काही सांगितलं नव्हतं. अम्मा आता तिचीच वाट पाहते. टोपली पायरीवर टेकली की अम्मा विचारते, "आमच्या घरात सगळी हायत ना गो? बघून सांग."

पहिल्यांदा ती बावरली. माझ्याकडे बघायला लागली. तूच सांग, अशी मी खूण केली. माझ्या बोलण्याचा उपयोग नव्हता.

"हायेत गो माय, सगली हायेत."

"तसं नको. मोजून सांग."

मग ती मोजते. रोज. एक बोट माझ्याकडे करते, एक स्वयंपाकघराच्या दाराकडे. "ह्यो तुजा पोर. ती तुजी सून, कांदा कापतेय. आन तू."

"अन् पनवेलवाली?"

"ती मना हितून कशी दिसल गो?"

"मग लाव फोन," अम्मा मला म्हणते. "स्पीकरवर. हिला ऐकूदे."

काल लावला. मुलगी वर्गात असणार, लवकर उचलत नव्हती. फोनची रिंग पडवीत वाजत राहिली. अम्मा मान कलती करून, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. कोळणीने टोपलीतल्या बांगड्यावरचा हात काढून घेतला आणि तीही ऐकत उभी राहिली.